रोजचा गल्ला आणि एकदाचाच डाव : मास्टर दीनानाथ आणि बलवंत पिक्चर्सचं प्रकरण

दरवर्षी बारावीच्या वाणिज्य वर्गाला भागीदारी शिकवायची वेळ आली की मी पुस्तकातले अ, ब आणि क बाजूला ठेवतो आणि फळ्यावर तीन खरी नावं लिहितो : दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे. पहिल्या नावाला वर्ग हलतो. आम्ही फोंडा तालुक्यातले. दीनानाथांची मंगेशी आमच्या पोरांच्या सायकलच्या टप्प्यात. पणजीच्या कला अकादमीतल्या नाट्यगृहावर त्यांनी हे नाव वाचलेलं असतं, आणि लताबाईंचे वडील म्हणून ते घराघरांत ठाऊक असतं. पण धंद्यातला एक भागीदार म्हणून त्यांच्याकडे कुणीच बघितलेलं नसतं. मग मी उरलेल्या दोन नावांकडे बोट दाखवून विचारतो, हे कोण? वर्ग गप्प.

प्रकरण थोडक्यात असं. १९१८मध्ये या तिघांनी किर्लोस्कर नाटक मंडळी सोडली आणि बलवंत संगीत मंडळी काढली. नाव ठेवलं ते बळवंत पांडुरंग, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचं. सोडून आलेल्या घराच्या मूळपुरुषाचं नाव नव्या घराच्या दारावर लावायचं, हा खास नाटकवाल्यांचा रिवाज. पंधरा वर्षं मंडळी गाजली. १९३४मध्ये तिच्यातून बलवंत पिक्चर्स निघालं, सांगलीत स्टुडिओ उभा राहिला, ‘कृष्णार्जुन युद्ध’ नावाचा बोलपट आला, आणि त्यापाठोपाठ सगळा डोलारा कलंडला. भागीदार वेगळे झाले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले तेव्हा त्यांचं वय ४१ होतं.

‘बोलपट आला आणि नाटक बुडालं’ हे एका वाक्यातलं उत्तर मीही बरीच वर्षं वर्गात दिलं. ते खोटं आहे असं नाही, पण त्यात विचार कमी आणि उसासा जास्त आहे. माझं मत बदललं ते आमच्याच गावच्या मंडळाच्या हिशेबाच्या वहीमुळे. त्या वहीकडे पुढे येतोच.

आधी माणूस. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९००चा, मंगेशीचा. आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत घरातली. वडील मंगेशाचे पुजारी, अभिषेकी घराण्यातले. या दोन वाक्यांमध्ये गोव्याचा केवढा इतिहास आणि केवढं न बोललेलं दुःख दडलंय ते इथल्या माणसाला सांगायला नको. बापाचं आडनाव मिळणार नव्हतं, म्हणून त्यांनी गावाचं घेतलं. ज्याला आपण आज ‘मंगेशकर’ म्हणून ओळखतो ते आडनाव मुळात एका मुलाने स्वतःसाठी काढलेली वाट आहे. याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई आणि बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे. गाणं इथे घरोघर होतं, पण त्याला मान आणि पैसा मिळवायचा तर घाट चढून जावं लागे.

दीनानाथ चौदाव्या वर्षाच्या आसपास किर्लोस्कर मंडळीत गेले. वेळ त्यांच्या पथ्यावर पडली. १९१३मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर सोडून गेले होते, गंधर्व नाटक मंडळी निघाली होती आणि किर्लोस्करच्या रंगपटात मोठी पोकळी पडली होती. तिथे हा गोव्याचा पोरगा उभा राहिला आणि त्याच्या नावामागे ‘मास्टर’ लागलं. पुढे स्वतःची मंडळी काढल्यावर त्यांनी बायकी भूमिका केल्या तशा पुरुषीही केल्या : राम गणेश गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधली लतिका, वीर वामनराव जोशींच्या ‘रणदुंदुभी’तली तेजस्विनी, आणि दुसरीकडे ‘मानापमान’चा धैर्यधर. आज लुगडं, उद्या शेला. रामकृष्णबुवा वझ्यांसारखा करडा गवई गुरू म्हणून लाभला. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांचं ‘संन्यस्त खड्ग’ बलवंतनेच १९३१मध्ये रंगभूमीवर आणलं. धाडस मंडळीच्या अंगातच होतं.

हे सगळं सांगून झालं की मी फळा पुसतो आणि विचारतो : रात्री नाटक झालं, सकाळी काय होतं?

कुणाला माहीत नसतं. सकाळी गल्ला मोजला जातो. नाटक कंपनी म्हणजे फिरतं एकत्र कुटुंब. नट, साथीदार, रंगपटवाले, पडदे ओढणारे, आचारी, शिवाय बिऱ्हाडात राहणारी बायकापोरं. रात्रीच्या तिकिटांतून सकाळचा तांदूळ येतो, पुढच्या मुक्कामाचं रेल्वेभाडं येतं, सावकाराचा हप्ता जातो. पावसाळ्यात मुक्काम लांबतो, गल्ला आटतो, कर्ज वाढतं. दसऱ्यानंतर पुन्हा भरतं. कंपन्या बहुतेक कर्जातच असत. पण ते कर्ज वाहतं होतं. रोज थोडं यायचं, रोज थोडं जायचं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात येत नाही : नाटक दुरुस्त करता येतं. तिसरा अंक रेंगाळला तर उद्या कापा. पद पडलं तर परवा दुसरी चाल लावा. नवं नाटक साफ आपटलं तर शनिवारी ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ लावा, लोक येतातच. जुनं नाटक म्हणजे घरातली पेज. मेजवानी फसली तरी पोट भरतं. तोटा झाला तरी तो एका रात्रीचा असतो.

बोलपटाचं नेमकं उलटं. आधी सगळा पैसा घालायचा. जागा, कॅमेरा, ध्वनियंत्र, दिवे, देखावे आणि परदेशातून येणारी कच्ची फिल्म, जिच्या प्रत्येक फुटाला पैसे पडतात. सगळ्यांचे पगार चालू, आणि गल्ला शून्य. काही महिन्यांनी चित्रपटगृहाचा पडदा उजळला की एका आठवड्यात कळतं, तरलो की बुडालो. बुडालो तर दुसरा अंक कापून भागत नाही.

माझ्या मते बलवंतच्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. लोकांनी नाटकाकडे पाठ फिरवली, केवळ एवढ्यामुळे ही मंडळी बुडाली नाही. रोजच्या गल्ल्यावर जगायची सवय असलेल्या घराने एकाच डावावर सगळं लावलं.

ते का लावलं, हे समजून घ्यायचं तर १९३३मध्ये जाऊन उभं राहायला हवं. आजचं शहाणपण बाहेर चपलांशी काढून. ‘आलम आरा’ मार्च १९३१चा. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ फेब्रुवारी १९३२चा, पहिला मराठी बोलपट, आणि त्यात राजा हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे! म्हणजे आपल्याच रंगभूमीवरचा माणूस. पुढच्या वर्षी प्रभात कोल्हापूर सोडून पुण्यात मोठी जागा घेऊन बसली. ज्या गावात मंडळी महिनाभर मुक्काम ठोकायची, तिथे आता काही आण्यांत गाणं, देखावा आणि देवादिकांचे चमत्कार दिसायला लागले होते. मालकाच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

मी तीन पर्याय लिहितो. एक, नाटकातच राहायचं. दोन, दुसऱ्याच्या कंपनीत नट म्हणून जायचं. तीन, स्वतःची चित्रपट कंपनी काढायची.

मुलं पटकन दुसऱ्यावर येतात. धोका दुसऱ्याचा, पैसा आपला. मग मी त्यांना बालगंधर्वांचं सांगतो. तेही कर्जात होते, त्यांनी दुसराच पर्याय घेतला. प्रभातशी करार केला आणि १९३५च्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. एका चित्रपटानंतर ते नातं संपलं. १९३७मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते स्वतः मीरा होऊन उभे राहिले आणि लोकांना ते बघवेना. ज्या स्त्रीरूपावर महाराष्ट्र भाळला होता ते पंचवीस हातांवरून, दिव्यांच्या उजेडात, गाण्याच्या धुंदीत बघायचं रूप होतं. कॅमेऱ्याने ते हातभरावर आणलं. म्हणजे दुसरं दारही म्हणावं तेवढं उघडं नव्हतं. पहिल्याबद्दल बोलायलाच नको. १९३७मध्ये बापूराव पेंढारकर गेले आणि त्यांची ललितकलादर्शसारखी तालेवार नाटकसंस्थाही थंडावली.

दुसऱ्या पर्यायात आणखी एक अडचण आहे, ती मुलांना लवकर दिसत नाही. चित्रपट कंपनी दीनानाथांना घेईल. आचाऱ्याला घेईल का? ऑर्गनवाल्याला? पंधरा वर्षं आपल्या पंगतीला जेवलेल्या माणसांना? नट एकटा उठून जाऊ शकतो, मालकाला ते जमत नाही. तिसरा पर्याय निवडण्यामागे महत्त्वाकांक्षा असेल, पण सगळं बिऱ्हाड बरोबर घेऊन पलीकडे जायची ओढही असणार, असं मला वाटतं. म्हणून या निर्णयाला मी मूर्खपणा म्हणत नाही. कुणी म्हटलं तर वर्गातही हटकतो.

चूक झाली ती कुठे, हे बघायला प्रभातचे भागीदार शेजारी मांडायचे. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. कॅमेरा, रंग, यंत्र, सुतारकाम यांत हात काळे करून झालेले. पाचवा सराफ, पैसा सांभाळणारा. आता बलवंतचे बघा. तिघेही किर्लोस्करच्या रंगभूमीवरून आलेले. तिघांनाही नाटकाची नस न्‌ नस माहीत. यंत्राची माहिती असलेला एकही नाही. ‘कृष्णार्जुन युद्ध’चं दिग्दर्शन चिंतामणरावांनी आणि विश्राम बेडेकरांनी मिळून केलं. बेडेकर तेव्हा अठ्ठावीसचे. आदल्याच वर्षी त्यांचं ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक बलवंतने केलं होतं. हुशार लेखक, पण चित्रपट त्यांनाही नवा. हेच बेडेकर दहा वर्षांनी प्रभातच्या ‘रामशास्त्री’च्या दिग्दर्शकांत होते, म्हणजे गुण होताच. तो मुरायला वेळ हवा होता, आणि वेळ विकत घ्यायला बलवंतच्या तिजोरीत काही नव्हतं. त्यातून पहिलाच बोलपट मराठीत आणि हिंदीतही काढायचा घाट घातलेला. पहिल्या खेपेलाच दोन होड्या पाण्यात!

आता आमची वही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्या उत्सवी नाटकमंडळाला असंच वाटलं. गोव्यात देवळाचा उत्सव आणि मराठी नाटक यांची सांगड किती जुनी आहे ते सांगत बसत नाही; आमच्याकडे एक ऐतिहासिक नाटक फार रंगलं होतं, शेजारच्या दोन गावांनीही बोलावून करून घेतलं. तेव्हा व्हीसीडीचे दिवस होते. कुणीतरी म्हणालं, याचा चित्रपट काढू, घरोघरी जाईल. मी खजिनदार. मी सही केली.

आमच्या नायकाचा आवाज असा की देवळाच्या मांडवात माइक न लावता दीपस्तंभापलीकडच्या चणेवाल्याला ऐकू जावा. पहिल्या दिवशी, पहिल्या दृश्यात त्याने छाती भरून वाक्य टाकलं. आवाज घेणाऱ्या पोराने कानांवरचं यंत्र झटकन उचललं, कान चोळले आणि म्हणाला, “बाब, मात्शें सवकास.” जरा हळू. नायकाने आवाज उतरवला. आणि माझ्या डोळ्यांदेखत आवाजाबरोबर खांदे उतरले, मान उतरली, हातातली तलवार नुसती धरलेली काठी झाली. कारण त्याचा राजा त्या आवाजातच उभा होता. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. समोर प्रेक्षक नाही, टाळी नाही, समोर एक कंटाळलेला माणूस आणि पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा. चार दिवसांचं काम नऊ दिवस चाललं. तीन उत्सवांची शिल्लक गेली. तबकड्यांचे दोन खोके अजून मंडळाच्या खोलीत आहेत; एकावर रंगपटाचा आरसा टेकवून ठेवतो.

त्या रात्री घरी येऊन मी दीनानाथांचं धैर्यधराचं पद लावलं, ‘शूरा मी वंदिले’. आधी शंभर वेळा ऐकलेलं. तीन मिनिटांची जुनी ध्वनिमुद्रिका, खरखर भरपूर. पण त्या रात्री पहिल्यांदा गाण्याऐवजी माणूस ऐकला. शब्द पुरता सुटायच्या आत तान उसळते. ती सरळ उतरत नाही. मधेच वळते, अनपेक्षित सुरावर उडी घेते, आणि आता घसरणार असं वाटतं तोच समेला येऊन आदळते. पंजाबी ढंगाचा तो झटका तेव्हाच्या नाट्यसंगीतात नवा होता. हा माणूस तान घेताना समोरच्या कुणाला तरी डिवचतोय, असं वाटत राहतं. बघ, इथून येऊन दाखवतो. समोर वन्स मोअर देणारे पिटातले प्रेक्षक असले की हेच पद पंधरा मिनिटं चाललं असेल आणि रोज निराळं झालं असेल.

हजार फुटांची रीळ अकरा मिनिटांत संपते. १९३४मध्ये नटाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून तिथेच, त्याच क्षणी गायचं. साथीदार चौकटीबाहेर बसणार, आणि माइक सगळ्यांचा आवाज एकदमच घेणार. दिग्दर्शक आधी सांगणार, पद इतक्या फुटांत. तान चुकली की फिल्म वाया, तान लांबली तरी फिल्म वाया. ज्याचं सगळं वैभव ‘आज काय होईल सांगता येत नाही’ यात होतं, त्याला आधीच सांगायचं होतं की आज काय होणार.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते लांबवण्यात मला गोडी नाही. बलवंत पिक्चर्सला चित्रपटसृष्टीत पाय रोवता आले नाहीत. चिंतामणराव आणि दीनानाथ वेगळे झाले. दीनानाथांनी पुन्हा नाटकं करून बघितली, मैफली केल्या. १९३८मध्ये सोलापूरच्या कार्यक्रमात आठ-नऊ वर्षांची लता बापाबरोबर गायला बसली होती. सांगली सुटली, पुणं आलं. घरात पाच मुलं. चिंतामणराव १९५९पर्यंत होते आणि त्यांनी ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र लिहिलं. दीनानाथांना लिहायला आयुष्यच पुरलं नाही. प्रकरण तपासताना हे ध्यानात ठेवायचं : या भागीदारीत एकाचीच साक्ष लेखी आहे, दुसऱ्याची फक्त गाण्यात.

गेल्या वर्षी तिन्ही पर्याय तपासून झाले, मी खडू खाली ठेवला, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

“सर, त्यांनी नुसता आवाज का नाही विकला? नट दुसरा उभा करायचा, हे मागून गाणार.”

मी म्हटलं, तसली सोयच नव्हती. पार्श्वगायन हिंदी चित्रपटात आलं ते १९३५मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’मध्ये. कृष्णार्जुन युद्धाच्या पुढच्याच वर्षी. एक वर्ष आधी तो बाजारच मांडलेला नव्हता.

“पण रेकॉर्डी होत्या ना? तुम्हीच ऐकवलीत. त्यात कुठे दिसतात ते?”

वर्ग माझ्याकडे बघत राहिला. ध्वनिमुद्रिका तर कितीतरी आधीपासून निघत होत्या, त्यांच्याही निघाल्या होत्या. माणूस न दाखवता त्याचा गळा विकायचं दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर उघडं होतं; मला मात्र ते इतक्या वर्षांत पर्याय म्हणून दिसलं नव्हतं, कारण मीही मंडळी म्हणजे नाटक आणि नाटक म्हणजे दिसणं, असंच धरून बसलो होतो. मी म्हटलं, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवर एवढं बिऱ्हाड जगलं नसतं. ती म्हणाली, बिऱ्हाड नसतं जगलं सर, पण घर जगलं असतं.

मी खडू उचलून तिनाखाली चार लिहिलं आणि तिचं वाक्य समोर उतरवलं. यंदा फळ्यावर पर्याय चार आहेत.